तीन महिन्यांचे धान्य आणि दहा फुटांची खोली

२०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांस असे कळविले की, पावसाळ्यातील अडचणी ध्यानी घेऊन अन्नसुरक्षा कायद्याखालील कुटुंबांना जून, जुलै व ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचे धान्य आगाऊ आणि एकदमच द्यावे. त्याप्रमाणे महाराष्ट्रातही रास्त भावाच्या दुकानांतून जून महिन्यात तीन महिन्यांचा गहू व तांदूळ वाटण्यात आला. या आदेशामागील हेतूविषयी आमची तक्रार नाही. भामरागडसारख्या तालुक्यांत पावसाळ्यात नाले भरले की गावांचा जगाशी संबंध तुटतो. तेथे आगाऊ धान्य पोहोचविणे हे उपकाराचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे. परंतु हाच आदेश मुंबईच्या चाळीत वा झोपडीत येऊन पोहोचला म्हणजे त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार कोणी केला असल्याचे आम्हांस दिसत नाही.

हिशेब साधा आहे. माणशी पाच किलो या प्रमाणाने पाच माणसांच्या घरी महिन्याचे पंचवीस आणि तीन महिन्यांचे पंचाहत्तर किलो धान्य येते. अंत्योदय योजनेतील घरास महिना पस्तीस किलो मिळतात. तेथे हा आकडा एकशे पाचवर जातो. हे धान्य ठेवायचे कोठे? दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा खोलीत, जेथे एका कोपऱ्यात मोरी आहे, दुसऱ्या कोपऱ्यात गॅसची शेगडी आहे, आणि उरलेल्या जागेत रात्री पाच माणसे अंग टाकतात. जमीन सिमेंटची, भिंत बाहेरून भिजलेली. आदेशात महिने ठरले, प्रमाण ठरले, वाटपाची मुदत ठरली. धान्य टिकवायचे कसे, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याच्यावर सोपविला गेला. गोदामात राहणारे तीन महिन्यांचे ओझे खोलीत येऊन पडले.

सरकार स्वतःच्या गोदामात हेच धान्य कसे ठेवते, ते पाहण्यासारखे आहे. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले तेव्हापासून या कामाचे एक शास्त्रच बनले आहे. गव्हात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असेल तर खरेदीत भाव कापला जातो आणि १४ च्या वर गेला तर तो घेतलाच जात नाही. तांदळाची मर्यादा १४ टक्क्यांची. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचतात, भिंतीपासून अंतर राखतात, ठराविक दिवसांनी तपासणी होते, आणि कीड दिसली की प्रशिक्षित माणसे थप्पीवर आच्छादन घालून विषारी वायूची धुरी देतात. एवढे करूनही उघड्यावरचे धान्य कुजल्याच्या बातम्या येतातच. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला म्हणावे लागले होते की, धान्य सडू देण्यापेक्षा ते भुकेल्यांना फुकट वाटा. ज्या कामासाठी महामंडळाला एवढा सरंजाम लागतो, तेच काम मोलकरीण म्हणून चार घरी राबणाऱ्या बाईने एका गोणीवर आणि तेही ऐन पावसाळ्यात करून दाखवावे, अशी ही अपेक्षा आहे.

धान्य बिघडते ते का, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे; कारण या बाबतीत शहरातील सुशिक्षितांचेही ज्ञान ऐकीव आहे. गव्हाचा दाणा ही निर्जीव वस्तू नव्हे. ते झोपी गेलेले बी आहे. ते मंद गतीने श्वास घेते. प्राणवायू ओढते आणि उष्णता व वाफ बाहेर टाकते. तांदळाचे तूस व कोंडा काढून टाकला म्हणजे त्याचे बीपण संपते खरे, पण पाणी शोषण्याचा गुण संपत नाही. (तांदूळ ‘सडणे’ या एकाच क्रियापदाने मराठीत पांढरा करणे आणि कुजणे हे दोन्ही अर्थ व्हावेत, यात पूर्वजांची काही सूचना असेल काय, अशी शंका शिक्षकी पेशात असताना आम्हांस अनेकदा येई.) दाणा भोवतालच्या हवेशी ओलाव्याची सतत देवघेव करीत असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर गहू-तांदळातील ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. तीच आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाऊन तेथेच राहिली, तर तो १६ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतो. आणि मुंबईत जुलै-ऑगस्टचे बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वरचेच असतात. बारा टक्के ओलाव्याचे पंचाहत्तर किलो धान्य सोळा टक्क्यांवर गेले, म्हणजे त्यात सुमारे साडेतीन किलो पाणी नव्याने शिरले. त्या पाण्याचा एक थेंबही डोळ्यांस दिसत नाही.

हे पाणीच किडीला आणि बुरशीला आमंत्रण देते. धान्यात वाढणाऱ्या किड्यांना २५ ते ३५ अंश सेल्सियस ही उष्णता सर्वाधिक मानवते. १५ अंशांखाली त्यांची वाढ थांबते, पण आपल्याकडे १५ अंशांना आपण थंडीची लाट म्हणतो. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि ते भोक स्वतःच्या स्रावाने बुजवून टाकते. अशी तीनशेपर्यंत अंडी एक मादी घालू शकते. आतली अळी दाणा पोखरीत वाढते आणि उबदार दमट हवेत महिन्याभराने पुरा किडा होऊन बाहेर पडते. तेव्हा जूनमध्ये स्वच्छ दिसलेला गहू जुलैअखेर वळवळू लागला, तर त्याचा दोष घरच्या बाईच्या अस्वच्छतेवर टाकणे हा शुद्ध अन्याय होय. अंडी गोणीबरोबरच घरात आलेली असतात. तिने फक्त ती उघडी पडलेली पाहिली. दाण्यातील ओलावा दहा टक्क्यांच्या खाली असेल तर मात्र याच सोंड्याची प्रजा वाढत नाही. सारे गणित पुन्हा पाण्यापाशी येते.

किडीने माणसाचे धान्य जाते; बुरशीने कधी कधी माणूसच जातो. १९७४ च्या शरदात राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या खेड्यांत काविळीची एक विलक्षण साथ आली. अवेळी पावसात भिजलेला मका नीट न वाळविता साठविला गेला होता, त्यावर बुरशी चढली होती, आणि दुसरे काहीच खायला नसल्यामुळे आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला. नोंदलेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. त्या बुरशीचे विष अफ्लाटॉक्सिन या नावाने ओळखले जाते. भाकरी भाजल्याने वा भात शिजवल्याने ते नाहीसे होत नाही. कुबट वासाचे धान्य धुऊन, ऊन देऊन ‘चालवून घेणे’ ही आपल्याकडची काटकसर किती महागात पडू शकते, हे त्या खेड्यांनी दाखविले. ज्याच्या घरी दुसरे धान्य नाही, त्याला ‘ते फेकून द्या’ असे सांगणे किती सोपे आहे, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच ते मुळात बिघडू न देण्याचा प्रश्न महत्त्वाचा.

येथे पूर्वजांची आठवण निघणे अपरिहार्य आहे. आणि ती निघाली की गहिवराचे पेव फुटते. हा शब्दप्रयोग आपण ज्यावरून घेतला ते मूळचे पेव म्हणजे काय, हे नव्या पिढीस ठाऊक नसावे. सोलापूर-मराठवाड्याकडील कोरड्या, घट्ट जमिनीत खोल खड्डा घेत, त्याला आतून काड व भुसा यांचे अस्तर देत, त्यात ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. आत कोंडलेला प्राणवायू दाणे आणि किडे मिळून संपवीत आणि मग किडेच गुदमरून मरत. नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरलेला माणूस प्राणास मुकण्याचे भय असे, म्हणून ते काही वेळ उघडे ठेवून, दिवा सोडून पाहण्याची चाल होती. आज जगभर ज्याला हवाबंद साठवण म्हणून गौरविले जाते, ते तत्त्व हेच. पण पेव कोकणात चालले नाही. तेथे पेव खणणे म्हणजे विहीर खणणे. कोकणाने म्हणून बांबूची कणगी विणली, ती शेणाने लिंपली, तांदळाऐवजी तुसासकट भात ठेवले, आणि पेंढ्याच्या मुड्या बांधून त्या उंच, चुलीच्या उबेत ठेवल्या. देशावरही पाण्यापुढे पेवाचे काही चालत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे इतकी नावाजलेली, पण २००५ च्या महापुराने त्यांची दैना केली. जुन्यांचे शहाणपण खरे होते, पण ते त्या त्या मातीचे आणि त्या त्या हवेचे होते. शहरात आपण आलो ते केवळ सवयी घेऊन. अंगण नाही, माळा नाही, चूल नाही, आणि जी गच्ची आहे तिला सोसायटीने कुलूप लावले आहे.

मग या पोकळीत विष शिरले. बाजारात धान्यात घालण्याच्या गोळ्या म्हणून जे अॅल्युमिनियम फॉस्फाइड चोरटेपणाने विकले जाते, त्याच्याविषयी आम्हांस अत्यंत स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. हवेतील दमटपणा लागताच त्या गोळीतून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. त्या विषावर उतारा नाही. दाराच्या फटीतून, नळाच्या भोकातून, दोन खोल्यांमधील पातळ भिंतीच्या भेगांतून तो पलीकडे जातो. एका घरी टाकलेल्या गोळीने शेजारच्या घरातील निजलेली मुले दगावल्याच्या बातम्या या देशातील वर्तमानपत्रांना अनेकदा छापाव्या लागल्या आहेत. कायद्याने हे औषध घरगुती वापरासाठी नाहीच. ते सरकारी यंत्रणांनी व परवानाधारक कीडनियंत्रकांनी, तेही जाणकारांच्या देखरेखीखाली वापरावयाचे आहे. आणि उपरोध असा की, घरच्या पिंपात त्याचा उपयोगही होत नाही. हा वायू बंद जागेत अनेक दिवस कोंडला तरच अंड्यांपर्यंत पोहोचतो. सैल झाकणाच्या पिंपातून तो माणसांकडे निघून जातो आणि किडीची अंडी शाबूत राहतात. अशा अर्धवट मात्रेतून वाचलेल्या किड्यांची प्रजा पुढे त्या विषालाच दाद देईनाशी होते. भारतातील गोदामांतही असे किडे सापडले आहेत.

पाऱ्याच्या गोळ्यांविषयी लोक मोठ्या श्रद्धेने बोलतात. पाऱ्याची वाफ अंडी मारते हे खरे. तीच वाफ स्वयंपाकघरातही पसरते, हे तितकेच खरे. बोरिक पावडर चोळलेला गहू न धुता दळून आणण्याची पद्धत घरोघर आहे. अन्नात बोरिक आम्ल मिसळण्यास आपला अन्नकायदा परवानगी देत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. कडुनिंबाचा वाळलेला पाला थोडाबहुत उपयोगी पडतो, ओला पाला घालणे म्हणजे धान्यात पाणी घालणे होय. पिंपात मेणबत्ती लावून झाकण घालणारे आपण प्राणवायू संपविला असे समजतात. मेणबत्ती विझते तेव्हा हवेत प्राणवायू सोळा टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो, आणि किडे मारायचे तर तो तीन टक्क्यांच्याही खाली जाऊन तेथे दोन-तीन आठवडे राहावा लागतो. एरंडेल तेवढे खरोखर गुणकारी आहे, विशेषतः डाळी-कडधान्यांना. तेलाच्या पातळ थराने अंड्यांचा श्वास कोंडतो आणि पोटात गेले तरी अपाय होत नाही.

यावर खात्रीचा उपाय आहे आणि तो महाग नाही. धान्य कडकडीत वाळलेले असावे, ते पूर्ण थंड झाल्यावर भरावे, आणि ज्यात भरावे त्यात हवा शिरू नये व रिकामी जागा राहू नये. धान्य वाळले की नाही, हे शाळकरी मुलालाही पाहता येईल: कोरड्या बाटलीत एक भाग कोरडे मीठ व तीन भाग धान्य घालून ती चांगली हलवावी, मीठ काचेला चिकटले तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, साठवू नये. गव्हाला तापलेल्या गच्चीवर दोन-तीन उन्हे द्यावीत आणि समुद्रावरचा वारा सुटण्यापूर्वी तो गोळा करावा. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये, तो तडकून कणी होते; त्याला सावलीतला वारा पुरे.

आफ्रिकेतील कॅमेरून देशात, जेथील हवा आपल्यापेक्षा सुखाची नाही, तेथील चवळी वाचविण्यासाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक पिशवी तयार केली. विणलेल्या पोत्याच्या आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, एकेकीचे तोंड पिळून स्वतंत्र बांधलेले. एवढेच तिचे रहस्य. आतले किडे स्वतःच प्राणवायू संपवून मरतात. आमच्या पेवाचीच ही भावंड, पण उचलून खांद्यावर नेता येणारी. तेवढीही पिशवी न मिळाली, तर घट्ट फिरकीच्या झाकणाचा, अन्नासाठीच वापरलेला, स्वच्छ धुऊन पूर्ण वाळविलेला कॅन चालतो. वीस लिटरच्या कॅनमध्ये पंधरा किलोच्या आसपास गहू मावतो. असे पाच कॅन म्हणजे पाच माणसांचे तीन महिन्यांचे धान्य. ते ठोकून ठोकून गळ्यापर्यंत भरावेत, पाटावर ठेवावेत, भिंतीला टेकवू नयेत, आणि एक संपेपर्यंत दुसरा उघडू नये. मोठे पिंप रोज उघडणे म्हणजे पावसाळ्याला रोज घरात घेणे आहे. ओले धान्य मात्र असे कोंडले तर ते आतल्या आत कुजते, हे विसरता कामा नये.

आता या साऱ्यात सरकारचे काम कोणते? साठवणुकीकडे सरकारचे लक्ष नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९६० च्या दशकात त्याने धान्य वाचविण्याची मोहीम काढली होती. त्याच सुमारास पानसे समितीने काढलेल्या अंदाजात केवळ साठवणीतील नुकसान साडेसहा टक्क्यांच्या घरात होते, आणि त्यांत किडे व उंदीर यांचा वाटा जवळजवळ सारखा होता. २०२३ च्या मे महिन्यात सहकारी क्षेत्रात पाच वर्षांत ७०० लाख टनांची साठवणक्षमता उभारण्याची योजना मंजूर झाली. पहिल्या प्रयोगासाठी निवडलेल्या अकरा संस्थांत अमरावती जिल्ह्यातील एक संस्था आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण लाखो टनांच्या या आकडेमोडीत पंचाहत्तर किलोंचे गोदाम मोजले जात नाही, आणि अशी गोदामे या देशात कोट्यवधी आहेत.

पुन्हा तीन महिन्यांचे धान्य एकदम देण्याची वेळ आली, तर त्याची तारीख पावसाच्या आधीची हवी. २०२५ साली मान्सून २६ मे रोजी मुंबईत उतरला. १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. जूनमध्ये ज्यांनी गोण्या घरी नेल्या, त्यांना उन्हाचा भरवसा उरला नव्हता. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वाटप पुरे झाले पाहिजे. गोदामात धान्य असते, तेव्हा धान्याच्या अभावाची सबब येथे चालणार नाही. दुसरे, ज्या ओलाव्याच्या कसोटीने सरकार शेतकऱ्याचा गहू नाकारते, ती कसोटी सरकार देते त्या धान्यासही लागली पाहिजे. प्रत्येक दुकानात ओलावा मोजण्याचे लहान यंत्र असावे आणि घेणाऱ्याने मागितल्यास त्याच्यासमोर आकडा दाखवावा. चौदाच्या वर गेलेली गोणी परत घ्यावी. तिसरे, आगाऊ धान्याबरोबर हवाबंद पिशवी द्यावी. ती पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि वाया जाणाऱ्या गव्हाच्या किमतीपुढे तिचा खर्च सरकारला जड जाऊ नये.

गोळ्यांचा बेकायदा व्यापार बंद करणे हे कृषी खात्याचे व पोलिसांचे काम आहे. त्यासाठी नवा कायदा नको, आहे त्याची तपासणी किराणा बाजारात आणि शेतीच्या औषधांच्या दुकानांत व्हावी. उरली गच्ची. शहरातील गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्या एप्रिल-मे मध्ये पंधरा दिवस सकाळी दहा ते चार गच्चीची किल्ली रहिवाशांच्या हाती देतील, तर त्यात कोणत्या पोटनियमाचा भंग होतो, ते आम्हांस कळत नाही. झोपडवस्तीला गच्ची नसते. तेथे महानगरपालिकेच्या शाळांच्या गच्च्या आणि पटांगणे उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामीच पडलेली असतात. प्रत्येक प्रभागात दोन शाळा, एक पहारेकरी आणि काही ताडपत्र्या एवढ्यावर हे काम येत्या सुट्टीतच सुरू करता येईल. आयुक्तांनी त्याचे परिपत्रक मेच्या आरंभी नव्हे, मार्चमध्येच काढावे.